प्रस्तावना : आईबापांची कामं अंगावर घेताना

कृष्णाकाठच्या माणसाला ‘सिक्लिड’ म्हटलं तर तो तोंडाकडे बघत राहील. ‘चिलापी’ म्हटलं तर किलोचा भाव विचारील. चिलापी ही त्याच सिक्लिड कुळातली. चिलापी म्हणजे मोझांबिक तिलापिया; हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ साली श्रीलंकेमार्गे भारतात आणला गेला, तळ्यांत सोडला गेला, आणि बघता बघता धरणं, नद्या, शेततळी, जिथे म्हणून पाणी साचतं तिथे तो पोचला. जाळं टाकणाऱ्यांना त्याची एक खोड ठाऊक असते. मादी सोडवायला हातात धरली की तिच्या तोंडातून पिवळसर अंडी, नाहीतर बारीक पिल्लं बाहेर सांडतात. अंडी घातली की ती तोंडात घ्यायची, दहा-बारा दिवस जवळजवळ उपाशी राहून सांभाळायची, पिल्लं पोहायला लागल्यावरही धोका दिसला की सगळी पुन्हा तोंडात ओढून घ्यायची, हा तिचा धर्म.

हे पुस्तक चिलापीचं नाही. तिच्या नाजूक आणि महागड्या भाऊबंदांचं आहे: एंजल, डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, आणि आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले निळे-पिवळे मासे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे मासे दिवाणखान्यात ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांची जोडी जमली, अंडी पडली, असा फोन आनंदाने करणारेही आता कमी नाहीत. आठ-दहा दिवसांनी दुसरा फोन येतो: पिल्लं तळाला बसतायत, कल्ले जोरजोरात हलवतायत, रोज सकाळी पाच-पंचवीस मेलेली सापडतायत, कुठलं औषध टाकू? हे पुस्तक या दोन फोनांच्या मधल्या दिवसांबद्दल आहे. ‘कुठलं औषध’ हा प्रश्नच उशिराचा आहे, असं माझं मत आहे, आणि ते का, हे सांगायला ही प्रस्तावना लांबवतो आहे.

सिक्लिड हे कुळ पालकत्व करणारं आहे. सतराशेहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी नोंदल्या आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांत अंडी किंवा पिल्लं सांभाळायची काही ना काही रीत आहे. एंजलची जोडी बघा. रुंद पानावर किंवा उभ्या लावलेल्या पाटीच्या तुकड्यावर मादी ओळीने अंडी चिकटवत जाते, मागून नर त्यांवरून फिरतो. मग दोघं पाळीपाळीने छातीच्या परांनी अंड्यांवर पाणी ढकलत राहतात. एखादं अंडं पांढरं पडलं, म्हणजे फळलं नाही आणि त्यावर बुरशी धरायला लागली, की ते चोचीने टिपून खातात. पाणी २७-२८ अंशांवर असेल तर दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं डोक्यावरच्या चिकट ग्रंथींनी पानालाच लटकून वळवळत असतात. या काळात आईबाप त्यांना तोंडात घेऊन या पानावरून त्या पानावर हलवतात. जुनी जागा सोडून नव्या, स्वच्छ जागी. आणखी चार-पाच दिवसांनी पिल्लं सुटून पोहतात, तेव्हा दोघं त्यांच्या थव्याला मध्ये घेऊन फिरतात.

डिस्कसची गोष्ट याच्या पुढची. पोहायला लागलेली पिल्लं आईबापांच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव खातात. १९५९ साली डब्ल्यू. एच. हिल्डमन या संशोधकाने ही बाब शास्त्रीय नियतकालिकातून मांडली. २०१० साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या गटाने या स्रावाचं रासायनिक परीक्षण केलं, तेव्हा दिसलं की अंडी पडल्यावर त्यातली प्रथिनं आणि प्रतिपिंडं वाढतात. पहिले दोन आठवडे आईबाप पिल्लांना मुक्तपणे खाऊ देतात, काही मिनिटांनी अंग झटकून थवा जोडीदाराकडे सोपवतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून हळूहळू टाळायला लागतात. अन्न आणि लस एकाच घासात. बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही बाटलीत हे दोन्ही एकत्र नाही.

आपल्याकडचंही उदाहरण आहे, आणि ते आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. भारताच्या स्वतःच्या अशा सिक्लिडच्या तीनच जाती. त्यांतली मोठी म्हणजे कोकण-गोव्यात खाडीत मिळणारी काळुंदर, जी केरळात करीमीन या नावाने २०१० पासून राज्यमासा आहे. दुसरी तिची लहानखुरी नारिंगी चुलत बहीण, मत्स्यालयवाल्यांची ऑरेंज क्रोमाइड. तिसरी कर्नाटकातल्या नद्यांतली. नारिंगी क्रोमाइडची पिल्लंही आईबापांच्या अंगाला चोच लावतात. त्याहून गंमत अशी की हे छोटे मासे काळुंदरीच्या अंगावरचे परजीवी आणि बुरशी टिपून तिची साफसफाई करतात. वायमन आणि वॉर्ड या अभ्यासकांनी १९७२ मध्ये ते नोंदवलं. परजीवी काढणं हे काम या कुळात माणसाच्या आधीपासून चालू आहे.

आता आपण काय करतो? अंडी पडली की पाटीचा तुकडा उचलून वेगळ्या टाकीत नेतो. याला कारणं आहेत. काचेच्या पेटीत दचकलेली जोडी स्वतःचीच अंडी खाते. पिढ्यान्‌पिढ्या अंडी वेगळी काढूनच वाढवलेल्या एंजलच्या कित्येक जोड्यांना पालकत्व येतही नाही. आणि आईबापांच्या कल्ल्यांत जंत असतील तर तेच पहिल्या आठवड्यात पिल्लांना लागतात. कारणं मला मान्य आहेत. पण पाटी उचलली त्या क्षणी एक करार झाला, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. पर हलवून पाणी ढकलायचं काम आता एअर स्टोनचं. पांढरी अंडी टिपायचं काम ड्रॉपरचं आणि चार थेंब मिथिलीन ब्लूचं. पिल्लं स्वच्छ जागी हलवायचं काम तुमच्या सायफनच्या नळीचं, आणि तेही रोज दोनदा. थव्याभोवती फिरून परक्याला हाकलायचं काम म्हणजे नवा मासा, नवी वनस्पती, दुसऱ्या टाकीतली जाळी यांना दार बंद ठेवणं. यातलं एकही काम आईबाप रविवारी सुटी म्हणून टाळत नाहीत.

डिस्कसच्या बाबतीत तर माझं स्पष्ट मत आहे: अंडी वेगळी काढू नका. अंड्याच्या बलकाची भुकटी बशीत लावून डिस्कसची पिल्लं वाढवणारे कारागीर आहेत, त्यांच्या चिकाटीला सलाम. पण घरच्या हौशी माणसाने जोडी लावण्याच्या आधीच नर-मादीचे जंत काढावेत आणि मग पिल्लं त्यांच्याकडेच राहू द्यावीत. एंजलला दोन-तीन वेळा संधी द्या, अंडी खाल्लीच तर मग पाटी उचला.

परजीवींबद्दल एक वाक्य दुकानादुकानांतून ऐकू येतं: ‘व्हाइट स्पॉट प्रत्येक टाकीत असतोच, थंडी पडली की बाहेर येतो.’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते टिकून राहिलं आहे. काही जीव निरोगी माशाच्या आतड्यातही थोड्या संख्येने राहतात आणि मासा खचला की वाढतात. १९९५ साली एंजलमधूनच वर्णन झालेला स्पायरोन्यूक्लियस व्होर्टेन्स हा चाबकासारखे केस हलवत फिरणारा सूक्ष्मजीव त्यातला. पिल्लं खात नाहीत, पोट आत जातं, पांढरी धाग्यासारखी विष्ठा लोंबते, तेव्हा संशय याचाच. पण व्हाइट स्पॉटचा इक्थियोफ्थिरियस हा तसा नाही. तो बाहेरून येतो: नव्या माशाबरोबर, त्याच्या पिशवीतल्या पाण्याबरोबर, ओल्या जाळीबरोबर. आला नाही तर होत नाही, मग थंडी असो वा नसो. ‘असतोच’ म्हणून सोडून देणारा माणूस दार उघडं ठेवतो आणि मग कडीला दोष देतो.

त्याचं जीवनचक्र इथे थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की निम्मी औषधं आपोआप कपाटात जातात. पांढरा ठिपका दिसतो तो माशाच्या कातडीखाली बसून खाणारा जीव. तिथे औषध पोचत नाही. पोट भरलं की तो बाहेर पडून तळाला, वाळूला, काचेला चिकटतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत जातो. एकाचे शेकडो होतात, कधी हजारभरही. मग ते पोहत बाहेर पडतात आणि त्यांना साधारण दोन दिवसांत मासा गाठावा लागतो, नाहीतर ते मरतात. औषधाने मरते ती फक्त ही पोहणारी पिढी. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर सगळा फेरा आठवड्याच्या आत होतो. १० अंशांना महिन्याहून अधिक लागतो. म्हणून ठिपके गेले त्या दिवशी औषध थांबवणं ही सर्वांत मोठी घाई. आणि म्हणूनच पिल्लांच्या टाकीत वाळू नको, तळ उघडा काचेचा हवा: कवच करून बसलेले तळाला असतात, आणि तुमची सायफनची नळी त्यांना रोज उचलून बाहेर टाकते. आईबापांनी पिल्लं या पानावरून त्या पानावर का हलवली असतील, त्याचं एक उत्तर इथे मिळतं.

कल्ल्यांतल्या जंतांचं वेगळं आहे. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांवर औषध चालत नाही. म्हणून प्राझीक्वांटेलची एक मात्रा पुरत नाही, अंडी फुटायला वेळ देऊन दुसरी द्यावी लागते. कातडीवरचा गायरोडॅक्टिलस जिवंत पिल्लू देतो, आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू तयार असतं. चार इंची माशाच्या कल्ल्यात पाच-सात जंत असले तर त्याला पत्ता लागत नाही. पाऊण सेंटिमीटरच्या पिल्लाला तेवढेच पुरे होतात. मोठ्या माशाची औषधाची मात्रा लहानाला लावू नये हे आपण जाणतो; मोठ्या माशाची सहनशक्तीही लहानाला लावू नये हे विसरतो.

आता पाण्याकडे येतो, कारण सातारा-सांगलीसाठी वेगळं पुस्तक का, याचं उत्तर पाण्यात आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तिथून पूर्वेला माण-खटाव, आटपाडी, जत इथे तो पाचशेच्या आतबाहेर. शंभर-दीडशे किलोमीटरांत पाणी इतकं बदलतं की एकाच जिल्ह्यातल्या दोन टाक्या दोन वेगळ्या खंडांतल्या वाटाव्यात. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडचं झऱ्याचं आणि पावसाचं पाणी हलकं, क्षार कमी. ॲमेझॉन खोऱ्यातल्या डिस्कसला आणि एंजलला ते मानवतं. पूर्वेच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी जड. किटलीत पांढरा थर, बादलीला कड. त्या पाण्यात डिस्कसची अंडी फळत नाहीत अशी तक्रार जुनीच आहे. पण तेच पाणी मलावीच्या माशांना सोयीचं, कारण त्या सरोवराचा पीएचच पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान असतो. जतच्या माणसाने आरओ मशीन लावून, निम्मं पाणी मोरीत सोडून, डिस्कसचा हट्ट धरावा आणि साताऱ्याच्या माणसाने टाकीत शिंपले टाकून मलावीचे मासे सांभाळावेत, हे मला उलटं वाटतं. हौसेला मोल नसतं हे कबूल. पण दुष्काळी तालुक्यात आरओचं वाया जाणारं पाणी निदान झाडांना तरी घाला.

जड पाण्याचा एक धोका मात्र पिल्लांच्या टाकीत फार लवकर दिसतो. उरलेल्या अन्नातून आणि विष्ठेतून अमोनिया होतो. पीएच ७ असेल तर त्यातला विषारी भाग शंभरात एकही नसतो. पीएच ८ झाला की तो पाच-सहा होतो. साताऱ्यात ज्या दोन चिमटी जास्तीच्या अन्नाने काही बिघडलं नाही, त्याच दोन चिमटी आटपाडीत कल्ले जाळतात. जळलेल्या कल्ल्याचं पिल्लू वर येऊन धापा टाकतं, मालक त्याला ‘कल्ल्याचे जंत’ समजतो, औषध टाकतो, औषधाने फिल्टरमधले जीवाणू मरतात, अमोनिया आणखी वाढतो. पुढचं सांगायला नको.

शिवाय पूर्वेचं पाणी आता एकसारखंही राहिलेलं नाही. कऱ्हाडजवळून निघालेल्या टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी आटपाडीपर्यंत नेलं, म्हैसाळचं जतकडे गेलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे केवढं मोठं आहे ते मी सांगायची गरज नाही. पण मत्स्यालयवाल्याच्या नळाला एका महिन्यात बोअरचं, दुसऱ्यात कालव्याचं आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी येऊ शकतं. मोठा मासा हे सोसतो. दहा दिवसांच्या पिल्लाच्या अंगावरचा चिकट थर अशा एका झटक्यात फाटतो आणि परजीवींना वाट मिळते. म्हणून या पुस्तकात औषधांच्या आधी एका साध्या ड्रमवर चार पानं खर्च केली आहेत: दोनशे लिटरचा निळा ड्रम, त्यात एअर स्टोन, पाणी भरून किमान एक दिवस राहू द्यायचं. ग्रामपंचायतीने टीसीएल पावडर जरा सढळ हाताने टाकली असेल त्या दिवशी हाच ड्रम टाकी वाचवतो. घाई असेल तर क्लोरीन मारायला हायपोचे खडे आहेत. पण ड्रम असला की घाईची वेळ सहसा येत नाही. उसाच्या पट्ट्यात, वाळवा-पलूसकडे, विहिरीचं पाणी नायट्रेट तपासल्याखेरीज पिल्लांना वापरू नका. शेतात टाकलेला युरिया कुठेतरी उतरतोच. आणि ‘नदीचं ताजं पाणी’ म्हणून कृष्णेतून कॅन भरून आणणाऱ्यांना काय सांगावं? उन्हाळ्याच्या तोंडाशी कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या सांगलीकरांना नव्या नाहीत.

तासगाव, कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यासाठी एक सूचना ठळक अक्षरांत छापावी असा माझा आग्रह होता. परजीवींवर मोरचूद चालतो हे खरं आहे, जगभर चालतो. बागायतदाराच्या घरात तो पोत्याने असतो, आणि ‘बोर्डोला चालतो तर टाकीला का नको’ हा विचार डोक्यात यायला वेळ लागत नाही. हिशेब बघा. एक टक्का बोर्डो मिश्रणात लिटरला १० ग्रॅम मोरचूद असतो. माशांच्या पाण्याची अल्कलिनिटी लिटरला २०० मिलिग्रॅम असेल तर मोरचुदाची मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे त्याचा पाच हजारावा भाग. शंभर लिटरच्या टाकीला ०.२ ग्रॅम. द्राक्षाच्या वजनकाट्यावर ०.२ ग्रॅम दिसतसुद्धा नाही. आणि अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल, म्हणजे पश्चिमेच्या हलक्या पाण्यात, तर मोरचुदाचं नावच काढू नये. तिथे औषधाची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत अंतर उरत नाही. कोवळ्या पिल्लांना तर मी जड पाण्यातही तो देणार नाही. त्याऐवजी खडेमीठ, लिटरला एक ते दोन ग्रॅम, वेगळं विरघळवून दिवसभरात थोडं थोडं, पाणी हळूहळू ३० अंशांवर, जास्तीची हवा, आणि सायफन. हळदीचं मला हटकून विचारलं जातं, सांगलीत आहे म्हटल्यावर विचारणारच. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तळाला बसून सडते. आमटीत टाका.

माशांना खायला घालतात त्या ट्युबिफेक्स जंतांबद्दलही मी कडवट आहे. लाल, जिवंत, वळवळणारे गोळे, मासे तुटून पडतात, स्वस्त. पण ते गटारांतून, नाल्यांतल्या गाळातून गोळा केलेले असतात, आणि तिथलं सगळं घेऊन येतात. तीन दिवस धुतले तरी आतड्यातलं धुतलं जात नाही. पिल्लांच्या पहिल्या अन्नात धोका पत्करायचं कारणच नाही, कारण आर्टेमिया आहे. खाऱ्या पाण्यातल्या या जिवाची वाळलेली अंडी डब्यात वर्षानुवर्षं टिकतात. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २८ अंश, खालून जोरात हवा, वर एक दिवा: दुसऱ्या दिवशी नारिंगी ढग तयार. तो गोड्या पाण्याचा जीव नसल्यामुळे गोड्या पाण्यातल्या माशांचे परजीवी त्याच्याबरोबर येत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. टरफलं मात्र नीट वेगळी करा, ती पिल्लांच्या पोटात अडकतात. जिवंत अन्न म्हणून तळ्यातून मोइना (पाणपिसू) आणणाऱ्यांना हायड्रा, चतुराच्या अळ्या आणि गोगलगाई फुकट मिळतात. मोइना हवीच तर घरच्या टबात वाढवा.

मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे आमच्याकडे सूक्ष्मदर्शक बघायला मिळणं इतर ठिकाणांपेक्षा सोपं आहे. ज्याला शक्य असेल त्याने एकदा तरी मरायला टेकलेल्या पिल्लाच्या अंगावरचा स्राव काचपट्टीवर घेऊन पाहावा. नळाच्या नव्हे, त्याच टाकीच्या पाण्याचा थेंब टाकायचा, वर पातळ काच ठेवायची, आणि लगेच बघायचं, कारण मासा मेला की बरेच जीव त्याला सोडून जातात. कडेकडेने एक गोल बशी दात लावल्यासारखी फिरताना दिसली तर तो ट्रायकोडिना. तो खातो पाण्यातले जीवाणू. माशाचं अंग त्याला फक्त बसायला लागतं. एखाददुसरा दिसला तर विशेष काही नाही. एका नजरेत पंधरा-वीस फिरत असतील तर पाण्यात सडकं किती आहे त्याचा तो हिशेब आहे, आणि औषधाच्या आधी बदलायचं ते पाणी. तापासाठी रक्त न तपासता गोळी घेऊ नये हे मिरजेत सांगावं लागत नाही. माशांच्या बाबतीत मात्र सगळे अंदाजानेच चालतात. मेट्रोनिडाझोल मेडिकलमध्ये मिळतं, स्पायरोन्यूक्लियसवर चाळीस लिटरला २५० मिलिग्रॅमची मात्रा चांगली लागू पडते. पण तीच गोळी कल्ल्यांच्या जंतांवर टाकणारे मी पाहतो, तेव्हा ती गोळी वाया गेल्याचं नव्हे, गेलेल्या तीन दिवसांचं वाईट वाटतं. पिल्लांकडे तेवढे दिवस नसतात.

ऋतूंचं वेळापत्रक या पुस्तकात वेगळं दिलं आहे, इथे दोनच गोष्टी. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर येतो. हीटर नसलेल्या टाकीत अंडी घेऊ नका, आणि हीटर असेल तर त्यावर विसंबू नका, थर्मामीटर वेगळा लावा. दुसरी पावसाळ्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. अर्ध्या शहरात पाणी होतं आणि वीज कित्येक दिवस नव्हती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. माणसांच्या हालापुढे माशांची टाकी ही बोलायचीही गोष्ट नव्हे. पण जे शहरात सुरक्षित भागात आहेत आणि ज्यांच्याकडे फक्त लाइट गेली आहे, त्यांच्यासाठी सेलवर चालणारा छोटा एअर पंप, एक दिवस अन्न बंद, आणि पाणी अर्ध्यावर असलेली टाकी यांवर पिल्लं निघतात. पाणी कमी केलं की पृष्ठभागाच्या मानाने खोली कमी होते, प्राणवायू पुरतो. कृष्णाकाठी जून ते सप्टेंबर जोडी लावायची की नाही, हा निर्णय या हिशेबाने घ्यावा. मी लावत नाही.

पैशाबद्दल थोडंसं. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभेच्या माशांची युनिटं आहेत: परसातलं ३ लाखांचं, मध्यम ८ लाखांचं, एकात्मिक २५ लाखांचं, अनुदान सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. योजना चांगली आहे. पण मुंबईत कुर्ल्याच्या बाजाराला आणि चेन्नईच्या कोळत्तूरला पिढ्यांचा अनुभव आहे, आणि त्यांच्याशी भावात बरोबरी करायला गेलेला नवखा माणूस गर्दी करतो. शंभर लिटरला हजार पिल्लं. परजीवीला याहून सोयीचं काही नाही: एका माशापासून दुसरा इंचावर. आपल्या जिल्ह्यांतल्या माणसाने कमी आणि निरोगी पिल्लं, जवळच्या दुकानाला, रोगमुक्त असल्याची हमी देऊन विकावीत. मुंबईहून रात्रभर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलेल्या पिशवीतल्या माशापेक्षा इस्लामपूरला वाढलेला एंजल दुकानदाराला का परवडतो, हे त्याला तीन आठवड्यांत कळतं.

आणि नको झालेली पिल्लं कृष्णेत, कोयनेत, विहिरीत सोडू नका. चिलापीने काय केलं ते डोळ्यांसमोर आहेच. टाकीतले परजीवीही माशाबरोबर नदीत जातात.

हे पुस्तक पहिल्यापासून वाचायची सक्ती नाही. पण ज्याच्या टाकीत आत्ता, हे वाचत असताना, पिल्लं मरत आहेत, त्याच्यासाठी एवढंच: अन्न बंद करा. मेलेली काढा. त्याच तापमानाचं, ड्रममध्ये मुरलेलं पाणी घेऊन तिसरा हिस्सा बदला, तळाचा गाळ सायफनने ओढून घेत. हवा वाढवा. अमोनिया आणि पीएच तपासा आणि आकडे कागदावर लिहा. औषधांचं प्रकरण नववं आहे. त्याच्याआधी तिसरं, पाण्याचं, वाचून काढा. संध्याकाळपर्यंत तुम्हाला बहुधा तेच पुरेल.